डावीकडचं काही दिसत नाही

मळीकबाईंचा फोन आला : टिपर घेऊनच या.
सुर्लच्या शाळेपुढं, शनिवारी सकाळी,
मी इंजिन बंद केलं.
मैदानात चुन्यानं आखलेले रस्ते, एक चौक,
बिस्किटांच्या डब्याला लाल-हिरवा कागद चिकटवून सिग्नल.
गावात सिग्नल नाहीच,
तरी पोरं थांबत होती.
मागं बघा, हात दाखवा, मग वळा.
हात दाखवला की सायकल नेमकी काजूच्या झाडाकडं जायची.

मग एकेकाला उचलून माझ्या सीटवर बसवलं.
खाली, डाव्या चाकापाशी, प्रणिशा,
पिवळं हेल्मेट, सुटलेली नाडी.
"दिसते?"
"नाही, मामा."
"आरशात?"
आरशात शाळेची कौलं, थोडं आभाळ, लाल धूळ.
खालून आवाज आला, "अरे, मी इथंच आहे!"
सगळी खिदळली.
माझा हात उगाच गिअरवर गेला.

बावीस वर्षं खनिज वाहतोय.
फेऱ्यांवर पैसे, म्हणून घाई.
कितीदा तिथं कुणी असेल,
थोडक्यात वाचलं असेल,
आणि मी पुढच्या फेरीचा हिशेब करत गेलो असेन.

बाईंनी पोरांकडून म्हणवून घेतलं :
ड्रायव्हरचा चेहरा दिसला, तरच त्याला आपण दिसतो.

सोमवारी देवळाच्या वळणावर
एक पाय टेकून ती थांबली होती.
काचेतून थेट माझ्या तोंडाकडं बघत.
मी थांबलो. हात केला.
मागं तीन टिपर, त्यांचे हॉर्न, शिव्या.
ती निघाली,
अजून जरा डगमगत.
नाडी मात्र बांधलेली.