सेवाखंड

सातपूरच्या भविष्य निधी कार्यालयासमोर
झेरॉक्सच्या टपरीला टेकून
आम्ही तिघी एका लग्नपत्रिकेच्या पाकिटामागे हिशेब मांडतोय.
पेन मार्थाचं. थांबत थांबत लिहितं.

मार्था साळवे, मिशनच्या दवाखान्यात एकतीस वर्षं,
बाळंतपणाचा वॉर्ड, जास्त करून रात्रपाळी.
अर्धं शरणपूर पहिल्यांदा माझ्या हातात रडलं, म्हणते.
तिला ग्रॅच्युइटी आहे, पीएफ पहिल्या महिन्यापासून,
शिवाय एक पिवळं कार्ड : आजन्म मोफत उपचार.
फक्त आता तिथं डोळ्यांचा विभाग तेवढा उरलाय.
"म्हातारपणी डोळे फुकट," ती हसते,
"बाकीचं अंग स्वखर्चानं."

इंदुमती भोये पेठहून पहाटेच्या गाडीनं आली.
सव्वीस वर्षं पाड्यापाड्यांतून खांद्याला वजनकाटा,
झोळीत बाळ, काट्यावर ग्रॅम, वहीत लाल रेघ.
तिच्या संस्थेच्या कपाटात ट्रॉफ्या मावत नाहीत.
पगाराला पगार म्हणत नाहीत तिथं, मानधन म्हणतात,
आणि मानधनाला ग्रॅच्युइटी नसते, असं साहेब सांगतात.
पीएफ लागला तो निरीक्षक येऊन गेल्यावर, अकरा वर्षांपूर्वी.
दहा हजार गुणिले अकरा भागिले सत्तर,
महिना पंधराशे एकाहत्तर.
ती विचारते, बायकांना एसटीत अर्धं तिकीट आहे,
ते लाभात धरायचं का?
मार्था मनापासून लिहिते : अर्धं तिकीट.

माझा रकाना मी शेवटी भरते, सवयीनं.
गंगापूर रोडला, कर्णबधिर मुलांच्या शाळेत हिशेबनीस.
सगळ्यांचे फॉर्म मीच भरायची, वारसाचं नाव विचारून,
काही जणी लाजायच्या, काही जणी
नवऱ्याऐवजी बहिणीचं नाव सांगायच्या, हळू आवाजात.

मूळ पगार अठरा हजार दोनशे.
भागिले सव्वीस : दिवसाचे सातशे.
गुणिले पंधरा : वर्षाचे दहा हजार पाचशे.
गुणिले —
इथं माझा हात थांबतो, पेन नाही.

त्या मार्चमध्ये अनुदान अडकलं.
अध्यक्ष म्हणाले, बाई, तात्पुरतं आहे,
सगळ्यांचे राजीनामे घेऊन ठेवू, नंतर परत नेमणूक.
राजीनामे मीच टाइप केले, चौदा.
माझा आठवा होता, मजकूर तोच, नाव बदलून.
एकतीस मार्चला आम्ही गेलो,
बारा एप्रिलला परत आलो, कागदावर.
प्रत्यक्षात मी त्या अकरा दिवसांत रोज गेले.
वर्षअखेर होती. ताळेबंद कोण लावणार?
वरच्या मजल्यावर मुलं परीक्षा देत होती,
शाळा अशी शांत की माझ्या कॅल्क्युलेटरचा आवाज मलाच मोठा वाटे.

फॉर्मवर त्याला म्हणतात सेवाखंड.
त्याआधीची अकरा वर्षं
त्या अकरा दिवसांनी खाल्ली.
एक लाख पंधरा हजार पाचशे. मी दोनदा गुणून पाहिलं.
सेवाभाव हा शब्द अहवालात मीच घालायची, दरवर्षी, पान दोन.
सेवा आमची होती. भाव त्यांनी ठरवला.

"मग भांड ना," इंदुमती म्हणते.
भांडेन. हजेरीपटाची झेरॉक्स आहे माझ्याकडे,
त्या एप्रिलची, सही रोजची, निळ्या शाईत.
हे मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं.
मार्था पेन खाली ठेवते.

रांगेतली एक पोरगी मघापासून ऐकतेय,
नवी समुपदेशक, हातात नेमणुकीचं पत्र, कोरं करकरीत.
कुठली संस्था चांगली हो, मावशी?
"आमची," मार्था म्हणते.
"आमचीपण," इंदुमती.
माझ्याही तोंडात तेच आलं होतं, खोटं नाही सांगत.

मी तिचं पत्र मागून घेते,
तारीख बघते, पदाचं नाव बघते,
मानधन लिहिलंय का, ते बघते.
टपरीवाल्याला म्हणते, दोन प्रती काढ.
आणि सुटे तीन रुपये
माझ्या पाकिटातून देते.