इतर खर्च

फुकट आली होती गाडी.
राउमाला, व्याह्यांच्या कोठारात
गवताच्या भाऱ्यांमागे बावीस वर्षं उभी,
चाकं मातीत रुतलेली, डिकीत उंदरांचा संसार.
"घेऊन जा," आर्व्हो म्हणाले,
"सुनेच्या माहेरी जाऊ दे. मी आता कुठे चालवणार?"
घरचं झालं थोडं, व्याह्यानं धाडलं घोडं.
आमच्या घोड्याला चार चाकं, तीही फुटकी.

त्या फुकटच्या साबचं पहिलं वर्ष:
ब्रेक, तीनशे चाळीस.
काचेभोवतीचं रबर स्वीडनहून, एकशे दहा, टपाल वेगळं.
पुढचा डावा मडगार्ड,
आणि पुढे उर्पोच्या अक्षरात
नुसता एक ठिपका.

जमाखर्च मी लिहिते. लग्नापासून,
निळ्या वहीत. ही एकोणिसावी.
किराणा, वीज, सरपण, माझ्या गुडघ्याच्या गोळ्या,
छपरासाठी लखोट्यात महिन्याला साठ.
कडेला एक अरुंद रकाना, इतर खर्च.
पूर्वी त्यात कुणाच्या मयतीची फुलं,
वर्षाकाठी एक दाढ.
गाडी त्यात मावेना. आकडे समासात उतरले.

उर्पो खोटं बोलत नाही.
उर्पो बोलतच नाही.
सदतीस वर्षं ताकास तूर लागू न देणारा हा माणूस
फेब्रुवारीत कॉफीच्या डब्यामागे पावती विसरला.
गिअरबॉक्स, आठशे साठ.
मी ती होती तशी ठेवली
आणि दोन दिवस बटाटे सोलले,
साल कमी, बटाटाच जास्त.
तिसऱ्या दिवशी लखोटा मोजला. पुरता भरला.
मग आठशे साठ आले कुठून?

रविवारी गोठलेल्या खाडीच्या काठानं चालताना
रेइनोच्या शेडपाशी एक होडी दिसली, पालथी घातलेली.
ओळखीची.
बाजूवरचं नाव खरवडून काढलेलं.
नाव माझं होतं.

त्या रात्री भांडलो म्हणावं,
तर भांडले मी एकटीच.
तो दाराशी उभा, एका पायावरचा भार दुसऱ्यावर टाकत.
शेवटी म्हणाला, "व्याह्यांनी दिलेली वस्तू.
अर्धवट कशी ठेवू?"
आणि नाव? नाव का खरवडलं?
"दुसऱ्याच्या होडीवर 'हिल्क्का' कसं राहू द्यायचं?"
मला हसू आलं.
त्याला दिसू दिलं नाही.
अजून रागावायचं शिल्लक होतं.

मार्चात, बाहेर उणे अकरा,
गॅरेजमधून हाक आली: दिवा धरायला माणूस हवा.
मी धरला. डाव्या हातात दिवा, उजव्या बगलेत गरम पाण्याची बाटली.
गाडीखालून फक्त त्याचे बूट दिसत होते
आणि बूट बोलायला लागले.
बाप इथल्याच कारखान्यात दारं बसवायचा, ते.
जेवणाच्या सुट्टीत डबा उघडून आधी आतला चीज हुंगायचा, ते.
हेही दार त्याच्याच हातचं असेल कदाचित, ते.
मग, निवृत्तीच्या दुसऱ्या सोमवारी
पहाटे पाचला कपडे करून
स्वयंपाकघरात तासभर बसून राहिल्याचं.
मला ठाऊक नव्हतं. मी वर झोपलेली होते.
"दिवा जरा डावीकडे," तो म्हणाला.
पन्नास मिनिटं. नाताळ ते जून
एवढं बोलणं होत नाही आमच्यात.

हे कुठल्या रकान्यात घालू?

एप्रिलपासून वेगळा रकाना आखलाय.
नाव सुचेना म्हणून पेन्सिलीनं तूर्त 'घोडं'.
महिन्याला ऐंशी, वर एक सेंट नाही, दोघांच्या सह्या.
छप्पर आधी.
होडी रेइनोकडून सोडवायची, ती त्याच्या खिशातून,
आणि नाव पुन्हा तोच लिहील,
दोन्ही क नीट जोडून.

गुरुवारी तपासणी केंद्रात नंबर आहे.
हीटर चालत नाही, माझी शेजारची सीट.
लोकरीचे मोजे, दोन जोड, बावीस.
हे मी किराण्यात धरलंय.