आगगाडी राहू दे

आमच्या बेटावर आगगाडी नाही.
उसाचे मळे होते तेव्हा रूळ होते म्हणतात, वाघिणी होत्या.
आता त्या रुळांचे खांब झालेत
आणि खांबांना शेळ्या.

तरी गाण्यात आगगाडी होती.
बर्फ होतं, पहाटेचं स्टेशन होतं,
आणि टोपी हातात धरून
शेवटच्या गाडीची वाट बघणारा कुणी एक.

युडॉक्सी कॅलिप्सोवाली.
कार्निवलच्या तंबूत तिनं तीन मंत्र्यांना
चालत्या तालावर सोलून ठेवलेलं.
बाईच्या जिभेला हाड नाही, म्हणायचे लोक,
आणि दुपारपासून पुढच्या रांगेत जागा धरायचे.
असलं रडकं कंट्री तिनं जन्मात गायलं नव्हतं.
"घोड्यावर न बसता येतं का रे हे गाता?"
असं म्हणत स्टुलाला टाच मारून बसली.

पण मागणं मार्सेलिनचं होतं.
तिचा सेप्टिमस फ्लोरिडात सहा हंगाम ऊस तोडून आला
तेव्हा पत्र्याच्या पेटीत काय, तर
एक कोयता, दोन नायलॉनचे सदरे
आणि सदऱ्यांत गुंडाळलेली ही तबकडी.
रविवारी जेवणं झाली की लावायचा,
बायकोला अंगणात फिरवायचा
एक दोन तीन, एक दोन तीन,
कोंबड्या आपणहून बाजूला व्हायच्या.

मागच्या मंगळवारी त्याची नाव आली.
नुसती नाव.
जाळं घडी घातलेलं, डबा न उघडलेला.

तालमीत मीच म्हणालो,
मी बास वाजवतो, मला कुणी विचारत नाही, तरी म्हणालो:
"आगगाडीच्या जागी नाव घालू. बर्फाच्या जागी फेस.
मात्रा बसतात, मी मोजल्यात. आपलं वाटेल."

युडॉक्सीनं सिगारेट विझवली.
"आगगाडी राहू दे.
नाव म्हटलं की अख्खं लाबोरी समुद्राकडे बघणार
आणि ती तिथं समोर बसलेली असणार.
आगगाडीनं इथं अजून कुणाचा नवरा नेलेला नाही."

नववी रात्र. डॉमिनो आपटण्याचे आवाज,
भाजलेलं ब्रेडफ्रूट, कंदिलाभोवती किडे.
ती उभी राहिली, हात कुठे ठेवावेत ते कळेना तिला;
मंत्र्यांकडे दाखवायचं बोट आज मोकळं होतं.
गायली.
नाकातून नाही, त्या तबकडीवरल्या माणसासारखं नाही.
तालाच्या जरा मागून, सवयीनं,
जसा उशिरा आलेला माणूस दारातच थबकतो.
बर्फ म्हणाली ती
तो मासळीच्या खोक्यातला बर्फ होता.

म्हातारे उठले. म्हाताऱ्या उठल्या.
कुणी कुणाला विचारलं नाही.
मार्सेलिनचं पाऊल खुर्चीखाली
एक दोन तीन, एक दोन तीन.
तिसऱ्या कडव्याला ती शेजारणीला म्हणाली,
"कुठंही वेळेवर पोचला नाही मेला,"
आणि नऊ दिवसांत पहिल्यांदा हसली,
मग ते हसणं तिला आवरेना,
मग ते हसणं राहिलं नाही.

शेजारचं भांडं रिकामं परत देऊ नये, आई म्हणायची.
हे गाणं कुणाच्या घरचं, मला ठाऊक नाही.
टेक्सास म्हणतात, टेनेसी म्हणतात;
नकाशात दोन्ही मला एका नखाएवढे दिसतात.
तिथल्या कुणाला पत्र लिहून कळवायचं तरी काय?
की तुमचं होतं, आम्ही वापरलं,
जरा मीठ लागलंय?

परतताना रस्त्यात दिवे नव्हते.
गिटार मी धरली होती, चपला तिनं.
वळणापाशी युडॉक्सी थांबली.
"स्टेशनात बाकडी असतात ना रे?"

असतात, मी म्हणालो. मी पाहिलेलं नाही.

"मग ठीक," ती म्हणाली.
"बसला तरी असेल."