मोरघार

ऐरोलीच्या खाडीत पौषातली भरती.
दवानं ओली झालेली लेन्स
मी मफलरनंच पुसतो.

ती हायटेन्शनच्या खांबावर,
दीड तास झाला,
पाठ माझ्याकडे.

पदाजी वल्हं उचलून धरतो,
थेंबसुद्धा गळू देत नाही.
"तिला म्हावरं दिसतंय," पुटपुटतो,
"तुला काय दिसतंय?"

मला शटरस्पीड दिसतो.
मागं घणसोलीच्या इमारती, धुरकं,
चुकीचा उजेड.

मग ती सुटली
पंख मिटून, पाय पुढे,
आणि माझं बोट दाबेपर्यंत
पाण्यावर नुसती वलयं.
एकशे बारा फोटो, सगळे वलयांचे.

पदाजी त्याच जागी पाग टाकतो.
चार बोयटं.
दोन न विचारता
माझ्या कॅमेऱ्याच्या पिशवीत.

घरी बायको विचारते, मिळालं का काही?
मी चेन उघडतो.