शेऱ्यासाठी चार ओळी

हिद्दच्या प्लँटमध्ये समुद्र आत येतो खारट
आणि बाहेर पडतो दोन वाटांनी:
एक नळाकडे,
एक परत समुद्राकडे, आणखी खारट होऊन.
मधल्या सगळ्या खटाटोपाचं मॅन्युअल माझ्याकडे.
एसीच्या थेट तोंडाशी, जूनमध्ये स्वेटर घालून.

एकाच एक्सएमएलमध्ये सगळं कालवलेलं.
पंपाचं वर्णन, मध्येच क्षारतेचं सूत्र,
वर्णनाच्या पोटात झडपेचं चित्र
आणि चित्राच्या पोटात पुन्हा दोन ओळी मजकूर.
माझ्या आधीच्या गृहस्थांनी या सगळ्याला मिळून
एकच स्टाइलशीट लिहिली होती, नऊ हजार ओळींची.
सूत्राला हात लावला की चित्र सरकायचं.
चित्र बसवलं की तक्ता फुटायचा.

मी ती उसवली. तीन महिने.
मजकुराची वेगळी, चित्रांची वेगळी,
आणि वर एक छोटी, जेमतेम पानभर,
जी स्वतः काहीच करत नाही;
बाकीच्यांना बोलावते आणि म्हणते,
ज्याचं असेल त्याने पुढे व्हा.

सूत्रांची मला लिहावी लागली नाही.
ती बेनॉयची. सहा वर्षांपूर्वी
व्हिसा रद्द करून तो त्रिशूरला गेला,
त्याची खुर्ची तीनदा बदलली,
पण अपूर्णांकाची रेघ अजून त्याच्याच हातची:
दोन्हीकडून केसभर बाहेर आलेली.
मला ती आखूड करता आली असती.

भांडण लागलं ते टायटलवरून.
मजकुरात टायटल, चित्रातही टायटल,
आणि दोघांना एकच नियम ओढून नेतोय.
आमच्या फाटकावरचा गार्ड 'इकबाल' अशी हाक देतो
तेव्हा तिघे वळतात.
मग विचारतो, कुठला? चकवालचा, सिल्हेटचा
की रत्नागिरीचा?
टॅगलाही गाव लावावं लागतं,
एक लांबलचक पत्ता,
जिथे जाऊन पाहिलं तर कुणीच राहत नाही.
तरी चालतं. पत्ता वेगळा असला की पुरे.

काल रात्री सगळ्या एकत्र चालवल्या.
चारशे बारा पानं, स्वच्छ.
फक्त दोनशे सहाव्या पानाच्या तळाशी
उघड्यावर पडलेली एक अरबी ओळ,
डावीकडे चिकटलेली, पूर्णविराम भलत्याच टोकाला.
टॅगचं नाव: शेरा.
ज्याला कुणीच 'माझं' म्हणत नाही
त्याचे कपडे उतरतात, शब्द तेवढे गळतात.
हा नियम कुणी लिहावा लागत नाही.

एक रिकामा टेम्प्लेट लिहिला असता
तर ती गप्प झाली असती.
बोटं तिथपर्यंत गेलीही.
मग जाफर मर्हूनला दाखवली. त्याने चष्मा वर केला.
'ऑगस्टमध्ये ही झडप अडते.
हातोडी नको. ओलं फडकं ठेवा आणि थांबा.'
कुणी लिहिलंय?
'कोण जाणे. पण मी गेल्या वर्षी हातोडी मारली होती.'

शेऱ्याची वेगळी फाइल केली. चार ओळी.
उजवीकडून डावीकडे, पूर्णविराम आपल्या जागी.
छोटीच्या यादीत ती सगळ्यात शेवटी घातली,
म्हणजे मतभेद झालाच
तर बाकीच्यांआधी तिचं ऐकलं जाईल.

माझा परवाना मार्चपर्यंत आहे.
फाइलीच्या माथ्यावर नाव लिहायला जागा असते.
बेनॉयने लिहिलं होतं, तारखेसकट.
मी अजून काही टाकलेलं नाही.