पण

मुळ्येबाईंच्या पदराला माइक लावणं हे माझं काम.
जनकगंजात दुसऱ्या मजल्यावर
एक खुर्ची, मागे पुस्तकांचं कपाट, एक दिवा,
आणि खिडकीवर खिळ्यांनी ठोकलेली गोधडी,
कारण महाराजपुऱ्याहून विमानं उठली की तावदानं थरथरतात
आणि दिल्लीहून कानात एक मुलगी विचारते,
भैया, ये आवाज कैसी है.
काय सांगू तिला.
ज्यावर तुमची चर्चा चाललीय ना ताई, तीच.

बाई तीन देशांत राहून आल्या.
आता संधिवात, दोन मांजरं, आणि इस्त्रीवाला रामसेवक,
जो निळी साडी आणून देतो नि बजावतो,
तह करके रखी है, बहनजी, संभालना.
बाई हसतात. मला म्हणतात, दिगू,
मला एक तह करायला अकरा महिने लागले होते,
आणि त्यांना मोडायला एक शुक्रवार.

रात्री नऊला चार चौकोन उघडतात.
एकात मिशा.
एकात नकाशा, आणि त्यावर काठी फिरवणारे प्राध्यापक,
काठी ज्या डोंगरावर टेकते तिथे
रात्री पाणी बाटलीत गोठतं, हे त्यांना कोणी विचारत नाही.
टायवाला पोरगा आरपार, आरपार एवढंच म्हणतो,
पण उच्चार फार सुंदर.
चौथ्यात आमच्या बाई.

बाई म्हणतात, जवाब देने का हक तो हमें है ही, लेकिन—
आणि कात्री.
सिमेंटची जाहिरात.
या हिवाळ्यात एकतीस वेळा गेलो मी त्या घरी.
सत्तावीस वेळा त्या लेकिनवरच कापलंय.

लाइन मेलेली असते. बाईंना कळतं ते,
तरी मान हलवत नाहीत,
काळ्या काचेकडे बघत मराठीत वाक्य पुरं करतात:
पण पलीकडच्यालाही घरी जाऊन तोंड दाखवायचं असतं.
त्याला मागे जायला वाट ठेवा.
वाट नसली की माणूस पुढेच येतो.

हे माझ्या हेडफोनमध्ये येतं.
अख्ख्या देशात एकट्या माझ्या.

एकदा न राहवून म्हणालो,
बाई, दुसरं अर्धं आधी बोला की.
पदराची क्लिप स्वतःच काढत म्हणाल्या,
बोलले होते. मग चार महिने फोन नाही,
मांजरांशी परराष्ट्र धोरण.
पहिलं अर्धं मोठ्यांदा म्हटलं की खुर्ची राहते रे.
जरा थांबल्या.
आणि खोटं कशाला बोलू,
दिवा लागला की बरंही वाटतं.

मी वायर गुंडाळत राहिलो,
पंजा ते कोपर, पंजा ते कोपर.

सकाळी नया बाजारात हातभर पुढचं दिसत नव्हतं.
गजकवाल्याच्या शेगडीभोवती पाचसात जण,
त्यातला एक माफलरमधून म्हणाला,
अपनी मैडम ने भी कह दिया कल, हक है.
तीन मुल्क देखे हैं उन्होंने. अब तो होगा ही.
माना डोलल्या.
रामसेवकही होता तिथे,
ज्याचा धाकटा नोव्हेंबरपासून त्या काठीच्या टोकाशी आहे.
तोही डोलला, सगळ्यांच्या नंतर,
हात शेगडीवर तसेच धरून.

मला सगळं वाक्य पाठ होतं.
वाट, तोंड, घर, सगळं.
हिंदीत जुळवत होतो मनात,
तोंड उघडलं तर मराठीच बाहेर पडलं,
पण—

पन्नी? दुकानदार म्हणाला,
आणि पाव किलो गजक पन्नीत घालून,
वर गाठ मारून,
माझ्या हातात दिली.

मी घेतली.
पैसे दिले.