हद्दीचा दगड

साहेबाने रकाने आखून दिले होते:
घर, खण, खिडक्या, माणसं, धंदा, खोकला.
शेवटचा रकाना सगळ्यांत अरुंद.
त्याला वाटलं असेल, एवढ्यात ‘हो’ मावतं.

चौथ्या बोळात रुद्राप्पा ढवळी. दोन खण.
एकात माग, दुसऱ्यात आठ माणसं
आणि एक शेळी. तिला लिहू नका म्हणाले.

खिडकी का बंद, मी विचारलं.
‘वारा लागला की सूत तुटतंय बघा.
ओल पाहिजे त्याला. आम्ही काय, सवयीचे.’
तो कंबरेपर्यंत जमिनीत,
खड्ड्यात पावड्यांवर पाय,
खड्ड्याच्या भिंतीला पांढरी बुरशी.

कांडी संपली. त्याने नवी घातली,
धोट्याच्या भोकाला ओठ लावले,
दम ओढला. सूत आलं.
दमाबरोबर आणखी काही आलं,
ते मान वळवून धोतराच्या सोग्यात टिपलं,
साडीला लागू नये म्हणून.
अंजिरी साडी. रुईफुली काठ. कुणाच्या तरी लग्नाची.

मग सून बसली, चन्नव्वा.
तोच धोटा. कांडी संपली तेव्हा
तिनेही भोकाला ओठ लावले.
मी खाली बघून घराचा नंबर पुन्हा लिहिला.

गाठीच्या तापाच्या साली
ह्याच बोळात आमच्या माणसांनी कौलं उतरवली होती,
अंथरुणं जाळली होती, एका घरचा मागसुद्धा.
कुठली घरं, ते अजून कौलांच्या रंगावरून कळतं.
म्हणून माझी वही दिसली
की बोळभर खोकला गिळतात लोक.
पोरं तर फार छान गिळतात.

पुढच्या फेरीला रुद्राप्पा नव्हता.
‘पाहुण्याकडे गेलाय.’ कुठे? ‘पलीकडे.’
पलीकडे म्हणजे शहापूर, सांगलीकरांचं राज्य,
दगडापासून चाळीस पावलं.
रात्री घोंगडीत गुंडाळून नेतात,
दगड ओलांडला की आमच्या वहीतून उतरतात,
तिथल्या वहीत चढत नाहीत,
कारण ते तर बेळगावचे.

त्या तिमाहीत आकडा घटला.
साहेब खूश. म्हणाला, हवा सुधारली.
मला दोन रुपये बढती.

चन्नव्वाने मला विचारलं होतं,
‘त्यात माझं काय लिवला हो?’
धंदा: विणकाम, मी वाचून दाखवलं.
ती हसली, हसताना एक हात बरगडीवर.
खिडक्यांच्या रकान्यात मी ‘एक’ लिहिलं,
मग ‘बंद’ लिहिलं,
मग सूत, वारा, ओल, जेवढं आठवलं तेवढं.
अक्षरं रेघ ओलांडून खोकल्याच्या रकान्यात शिरली.

साहेबाने तांबड्या पेन्सिलीने विचारलं,
हे काय आहे?
मी म्हणालो, शाई पसरली, साहेब.
कागद ओला होता.